फॉर्म्युला स्टुडंट: कागदावरचा आकडा आणि गाडीवरचा आकडा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एका माणसाची, उघड्या चाकांची रेसिंग कार स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची आणि ट्रॅकवर पळवायची, ही स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात 'फॉर्म्युला एसएई' या नावाने सुरू झाली. १९९८ मध्ये ती ब्रिटनमध्ये आणि २००६ मध्ये जर्मनीत गेली. आपल्याकडे फॉर्म्युला भारत आणि सुप्रा एसएईइंडिया या दोन स्पर्धा आहेत, आणि पुणे-मुंबईच्या कॉलेजांचे बरेच संघ त्यात उतरतात.

दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं नेहमी विचारतात की यातून नक्की शिकायला काय मिळतं. सॉलिडवर्क्स आणि अॅन्सिससारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर घरी बसूनही शिकता येतं. गाडी शिकवते ते वेगळं आहे: एखादा आकडा गणिताने काढायचा, तोच आकडा गाडीवर मोजायचा आणि दोघांत फरक का पडला ते शोधायचं. बहुतेक संघ पहिली पायरी झकास करतात, दुसरी घाईत उरकतात आणि तिसरीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हा लेख मोजमापाच्या बाजूने लिहितो आहे.

उदाहरणासाठी एक ठरावीक गाडी धरू. जुन्या ३९० ड्यूकचं ३७३ सीसीचं एकसिलिंडर इंजिन (बजाजच्या चाकणच्या कारखान्यातलं, त्यामुळे पुण्यात सुटे भाग सहज मिळतात), १० इंची चाकं, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १५५० मिमी (नियमाने किमान १५२५), ट्रॅक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १२०० मिमी, ड्रायव्हरसकट वजन ३०० किलो.

आधी वजन करा

चार डिजिटल वजनकाटे घ्या, घरी वापरतात ते १८० किलो क्षमतेचे चालतात. चारही काटे एका पातळीत हवेत. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब पुरेशी आहे, दोन मिमीचा फरक असला तरी तिथे पातळ पत्रा सरकवा. ड्रायव्हर आत, टाकी अर्धी, टायरमध्ये ठरलेला दाब, आणि गाडी दोन-तीनदा दाबून सोडून मगच वाचन घ्या. सस्पेन्शन अडकून बसलेलं असेल तर चार कोपऱ्यांची बेरीज बरोबर येते, पण वाटणी चुकते.

गुरुत्वमध्याची उंची काढणं अवघड आहे, आणि म्हणूनच ते एकदा तरी करायला हवं. डँपरच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) जागी तेवढ्याच लांबीच्या पक्क्या पट्ट्या लावायच्या, नाहीतर गाडी उचलल्यावर स्प्रिंग दबून सगळं वाचन बिघडतं. मग मागची चाकं ४०० मिमी उचलायची आणि पुढच्या काट्यांवर वजन किती वाढलं ते बघायचं. आपल्या गाडीत गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मिमीवर असेल, तर वाढ जेमतेम ३.७ किलोची येते. म्हणजे काटा अर्धा किलो चुकला की उंचीचं उत्तर जवळजवळ १० मिमीने हलतं. डिझाइन इव्हेंटमध्ये (परीक्षकांना डिझाइन समजावून सांगायच्या फेरीत) '३०२.४ मिमी' असा आकडा स्लाइडवर टाकणाऱ्या मुलाला परीक्षक इथेच पकडतात. '३०० अधिक-उणे १०' असं सांगून वर 'ब्रेकच्या गणितात या १० मिमीने पुढच्या चाकांवरच्या भारात फक्त २७ न्यूटनचा फरक पडतो, म्हणून एवढी अचूकता पुरते' असं म्हणणाऱ्याला मोजमाप कळलेलं आहे.

ब्रेक

नवीन संघाने पहिलं पूर्ण गणित ब्रेकचं करावं. त्यात टायर, वजन, हायड्रॉलिक्स आणि ड्रायव्हरचा पाय असं सगळं एका साखळीत येतं, आणि शेवटी निकाल हो किंवा नाही असा सरळ मिळतो. टेक इन्स्पेक्शनमध्ये (ट्रॅकवर जाण्याआधीच्या तपासणीत) चारही चाकं लॉक झालीच पाहिजेत. नाही झाली तर डायनॅमिक इव्हेंटचं, म्हणजे ट्रॅकवरच्या फेऱ्यांचं, दार बंद.

वजनाची स्थिर वाटणी पुढे ४५ टक्के, मागे ५५ टक्के धरू. १.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.४ पट) मंदनाला पुढे सरकणारा भार म्हणजे वजन गुणिले १.४ गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. हे सुमारे ८०० न्यूटन येतं. पुढच्या अॅक्सलवर मग २१२० आणि मागच्यावर ८२० न्यूटन, म्हणजे ७२:२८. पुढच्या एका चाकाला सुमारे ३४० न्यूटन-मीटर ब्रेक टॉर्क लागतो. डिस्कची प्रभावी त्रिज्या ८० मिमी आणि पॅडचा घर्षणांक ०.४ धरला, तर पॅड ५३०० न्यूटनने दाबला गेला पाहिजे. कॅलिपरचा पिस्टन ३२ मिमीचा असेल तर लाइनमध्ये ६६ बार दाब हवा, आणि ५/८ इंची मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने लाइनमध्ये दाब तयार करणारा भाग) त्यासाठी १३०० न्यूटन. मागच्या सर्किटला तसेच भाग लावले तर ५०० न्यूटन. एकूण १८००. पेडल रेशो ५:१ असेल तर पायाने ३६० न्यूटन, साधारण ३७ किलो. ड्रायव्हरला हे सहज जमतं. नियमात पेडलने २००० न्यूटन सोसायला हवं असं आहे. घाबरलेला माणूस खरोखर तेवढ्याच्या आसपास लाथ मारतो, म्हणून पेडलच्या पायथ्याची ब्रॅकेट आणि तिची वेल्डिंग त्या भाराला तपासा.

पुढे-मागे तेच कॅलिपर आणि तेच मास्टर सिलिंडर लावून सगळी ७२:२८ वाटणी बायस बारवर (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या सर्किटमध्ये वाटणारा दांडा) ढकलू नका. बार एका टोकाला जाऊन बसतो, जॅम होतो आणि ट्रॅकवर फिरवायला जागाच उरत नाही. मागे छोटा कॅलिपर किंवा मोठा मास्टर सिलिंडर लावून मूळ वाटणी तिथेच आणा. बायस बार दोन-चार टक्क्यांच्या फेरफारासाठी मोकळा हवा.

आता गाडीवर काय होतं ते बघा. कॉलेजच्या धुळकट पार्किंगमध्ये टायरची पकड ०.९ च्या आसपास असते. तिथे पुढे सरकणारा भार ५१० न्यूटनच, म्हणजे आदर्श वाटणी ६२:३८. संघ तिथेच बायस लावतो, चारही चाकं छान लॉक होतात, सगळे खूश. मग कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दुपारच्या तापलेल्या डांबरावर पकड वाढते, भार जास्त पुढे जातो, मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. किंवा पकड वाढल्यामुळे पुढची चाकं लॉकच होत नाहीत, कारण पॅड बेड-इन केलेले (डिस्कवर घासून बसवलेले) नसतात आणि ०.४ चा घर्षणांक प्रत्यक्षात ०.३ असतो. गणित दोन्ही ठिकाणी बरोबर होतं, त्यात टाकलेला टायरचा किंवा पॅडचा आकडा मात्र मोजलेला नव्हता.

मोजायचं कसं? दोन्ही सर्किटमध्ये ० ते १०० बारचा एकेक प्रेशर गेज टी-जॉइंटवर बसवा आणि पेडल दाबून पुढचा-मागचा दाब वाचा. ६६ बार अपेक्षित असताना पेडल तळाला टेकूनही ४० च येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडल बॉक्स वाकतो आहे. ब्लीडिंगचा निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बिंदूवर नसेल तर हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही. पुष्कळ संघ डावा कॅलिपर उजवीकडे लावतात, आणि निपल खाली जातो. पेडल बॉक्स वाकतोय का हे त्याला डायल गेज टेकवून दोन मिनिटांत कळतं.

अपराइट आणि बेअरिंग: चाळीस मायक्रॉनची गोष्ट

अपराइट (चाकाचा हब सस्पेन्शनला जोडणारा भाग) ७०७५ अॅल्युमिनियमचा, हबवर ६००८ बेअरिंग, बाहेरचा व्यास ६८ मिमी. ड्रॉइंगवर बोअरला एच७ लिहिलेला असतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या कोष्टकात तसा असतो. एच७ म्हणजे बोअर शून्य ते ३० मायक्रॉन मोठा. थंड असताना बेअरिंग छान बसतं. पण अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ब्रेकच्या उष्णतेने अपराइट ६० अंशांनी तापला की ६८ मिमी व्यासावर बोअर बेअरिंगपेक्षा आणखी ४५ मायक्रॉन मोठा होतो. आता बाहेरची रिंग बोअरमध्ये फिरायला लागते, बोअर घासतो, चाक डगमगतं आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दर कोपऱ्यावर वेगळा होतो. ड्रायव्हर म्हणतो 'गाडी सैल वाटते', आणि मुलं डँपरचे क्लिक बदलत बसतात.

उपाय म्हणजे एन७ किंवा पी७ फिट (बेअरिंगपेक्षा किंचित लहान बोअर), आणि शिवाय रिंगला बाहेरून धरणारी रिटेनर प्लेट. बसवताना अपराइट ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, मग ते हाताने आत उतरतं. हातोडा वापरायचा नाही. बाहेरची रिंग बसवताना आतल्या रिंगवर दाब दिला तर गोळ्यांचे ठसे रेसवर उमटतात, आणि ते बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. ७०७५-टी६ ला १२० अंशांपेक्षा जास्त तापमानात फार वेळ ठेवू नका, ताकद उतरते.

भोसरीतल्या किंवा चाकणच्या जॉबवर्कवाल्याकडून अपराइट आला की लगेच मोजा, तिथेच, त्याच्या बोअर गेजने. दोन खोलींवर आणि काटकोनात दोन दिशांना. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिला नसेल तर व्हीएमसीचा (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) ऑपरेटर त्याच्या सवयीचा फिट देणार, आणि तो दोष त्याचा नाही. चांगला ऑपरेटर ड्रॉइंग बघून विचारतो, 'ही दोन भोकं एकाच सेटिंगमध्ये करायची का?' या प्रश्नाचं उत्तर देता येणं म्हणजे डेटम, सगळी मापं जिथून धरायची तो आधार, समजणं. वर्षभराच्या मेट्रॉलॉजीच्या तासांपेक्षा हे संभाषण जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे.

रिस्ट्रिक्टर

नियमाने पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या एकाच गोल भोकातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून, गेली पाहिजे, आणि क्रम थ्रॉटल, रिस्ट्रिक्टर, इंजिन असा. या भोकातून जास्तीत जास्त सुमारे ७४ ग्रॅम हवा दर सेकंदाला जाते. त्याच्यापुढे घशातला (भोकाच्या सर्वांत अरुंद जागेतला) वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि इंजिनाने कितीही ओढलं तरी प्रवाह वाढत नाही.

मुलं हिशोब करतात: ३७३ सीसी, ९००० आरपीएम, सरासरी प्रवाह ३३ ग्रॅम. ७४ च्या निम्म्याहून कमी, म्हणजे रिस्ट्रिक्टर आड येतच नाही! पण एकसिलिंडर इंजिन ७२० अंशांच्या चक्रात साधारण एक तृतीयांश वेळच हवा घेतं. त्या काळात मागणी शंभर ग्रॅमच्या घरात जाते आणि घसा चोक होतो. म्हणून रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्या मधे प्लेनम, म्हणजे हवेची टाकी, लागते: व्हॉल्व्ह बंद असताना तो भरतो आणि उघडला की पुरवतो. या इंजिनाला दोन ते चार लिटरचा प्लेनम ठीक पडतो. फार मोठा केला तर थ्रॉटल उघडल्यावर गाडी विचार करून पळते, आणि ऑटोक्रॉसच्या तंग वळणांत ते महागात पडतं. डिफ्यूझरची (घशानंतर रुंद होत जाणारी) बाजू सावकाश उघडू द्या, अर्धकोन ४ ते ७ अंश. घाईने उघडला तर प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि दाब परत मिळत नाही.

पीएलएमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला प्लेनम वापरू नका, ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. नायलॉन वापरा, आतून इपॉक्सीचा हात द्या, थरांमधून हवा झिरपते. तपासणी सोपी आहे: इंजिन चालू ठेवून इनलेटचं तोंड तळहाताने नाही, रबरच्या पट्टीने बंद करा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालत राहिलं तर गळती आहे, आणि टेकमध्ये हीच चाचणी होते.

चॅसिस आणि सस्पेन्शन, थोडक्यात

४१३० स्टीलच्या नळ्या, टिग वेल्डिंग, ईआर७०एस-२ फिलर. फिशमाउथ (नळीच्या टोकाला दुसऱ्या नळीवर बसण्यासाठी कापलेली खाच) नीट बसला पाहिजे. फट फिलरने भरली तर आकुंचनाने नळी ओढली जाते. सगळीकडे आधी टॅक, मग जिगवर आलटून पालटून विरुद्ध बाजूंना वेल्ड, आणि सस्पेन्शनच्या ब्रॅकेट सर्वांत शेवटी, डमी अपराइट लावून. पंखा बंद ठेवा, आर्गन उडून जातो. पावसाळ्यात उघड्या नळ्यांवर आठवड्याभरात गंज चढतो, तेलाचा हात द्या आणि वेल्डच्या आधी अॅसिटोनने पुसा.

टॉर्शनल स्टिफनेस, म्हणजे चॅसिस पीळ किती सोसते, गाडीवर मोजाच. मागचे माउंट पक्के धरा, पुढे मध्यापासून एक मीटर लांब आडव्या बीमच्या टोकाला ४० किलो टांगा, म्हणजे ३९२ न्यूटन-मीटर. मध्यापासून ३०० मिमीवर डायल गेजने १.६ मिमी दाखवलं, तर पीळ ०.३१ अंश आणि कडकपणा सुमारे १२८० न्यूटन-मीटर प्रति अंश. एफईएने (संगणकावरच्या भाराच्या विश्लेषणाने) २००० सांगितलेलं असतं. फरक जातो तो इंजिन माउंटच्या बोल्टांत, ब्रॅकेटच्या पत्र्यात आणि एफईएमध्ये अवास्तव पक्क्या धरलेल्या टोकांत. हे कमी आहे का? स्प्रिंगवरून ठरवा. एका कोपऱ्यावर ६० किलो स्प्रंग वजन (स्प्रिंगने तोललेलं वजन) आणि ३ हर्ट्झ वारंवारता हवी असेल तर व्हील रेट (चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा) २१.३ न्यूटन प्रति मिमी. त्यावरून दोन्ही अॅक्सलचा रोल स्टिफनेस (वळणात गाडी कलण्याला होणारा विरोध) ५३५ न्यूटन-मीटर प्रति अंशाच्या आसपास येतो. चॅसिस त्याच्या किमान तिप्पट असावी, नाहीतर अँटिरोल बार (कलणं कमी करणारा दांडा) बदलूनही गाडीला फरक कळत नाही. म्हणजे आपल्याला १६०० हवेत, आणि इंजिनाच्या मागच्या चौकटीत एक तिरपी नळी टाकायला हवी.

मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते) ०.८ असेल तर २१.३ भागिले ०.६४, म्हणजे ३३ न्यूटन प्रति मिमी, बाजारात मिळणारी १९० ते २०० पाउंड प्रति इंचाची स्प्रिंग. रेशोसुद्धा कॅडवर विसंबून धरू नका. स्प्रिंग काढा, चाक ५-५ मिमी उचला आणि डँपरची लांबी व्हर्नियरने लिहा.

अपराइटला रॉड एंड (आट्यांच्या दांड्याचा गोल सांधा) लावून त्याच्या आट्यांवर वाकण्याचा भार येऊ देणं ही परीक्षकांना सर्वांत आधी दिसणारी चूक आहे. तिथे हाउसिंगमधलं स्फेरिकल बेअरिंग डबल शिअरमध्ये (बोल्ट दोन्ही बाजूंनी धरून) लावा आणि कॅम्बर शिमने बदला.

वेळापत्रक आपल्याकडचं

स्पर्धा जानेवारीत धरली, तर आपल्याकडे कॅलेंडर गणपती आणि दिवाळी ठरवतात. दिवाळीत एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप आठवडाभर बंद असतात, कामगार गावाला जातात, आणि परत आल्यावर आधी मोठ्या गिऱ्हाइकांची कामं लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा. म्हणून हब, अपराइट आणि स्प्रॉकेट कॅरियरची ड्रॉइंग गणपतीआधी वर्कशॉपमध्ये गेली पाहिजेत आणि गाडी दिवाळीआधी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे. हे जमत नसेल तर डिझाइन सोपं करा. एअरोचे पंख सोडून द्या, कार्बन फायबर सोडून द्या. फॉर्म्युला एसएईच्या नियमांत १००० पैकी २७५ गुण एकट्या एंड्युरन्सचे (लांब पल्ल्याच्या फेरीचे) आहेत आणि त्यातले बहुतेक ती पूर्ण करणाऱ्यालाच मिळतात.

चाचणीला मोठा ट्रॅक लागत नाही. स्किडपॅडचं (गोल फेरीच्या चाचणीचं) आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं आणि रुंदी ३ मीटर. रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने आखा. गाडी १६.८ मीटर व्यासाच्या मार्गावर ५.३ सेकंदांत फेरी मारते तेव्हा १.२ जी मिळतो. एकदा टायरचा दाब बदला, एकदा टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन), एका वेळी एकच गोष्ट, आणि शेवटी पहिल्या सेटिंगला परत येऊन बघा वेळ तोच येतो का. तो येत नसेल तर मधले सगळे आकडे टायर तापल्याचे किंवा ड्रायव्हर सरावल्याचे आहेत.

एंड्युरन्सची तालीम पूर्ण २२ किलोमीटरची करा आणि मधे ड्रायव्हर बदला. गाड्या सर्वांत जास्त तिथेच मरतात. इंजिन बंद, तीन मिनिटं उष्णता आत कोंडलेली, इंधनाच्या लाइनमध्ये बाष्प, आणि पंखा व पंपाने उतरवलेली बॅटरी. स्टार्टर दोनदा कण्हतो आणि संपलं. इंधनाची लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या, उष्णतारोधक नळी चढवा, आणि क्लॅम्प मीटरने पंखा चालू असताना बॅटरी भरते आहे की उतरते आहे ते बघा. आयडलला उतरत असेल तर पंखा तापमानावर चालू-बंद होईल अशी सोय ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) करा.

इलेक्ट्रिक गाडीला मर्यादा ८० किलोवॉट आणि ६०० व्होल्ट डीसीची. तिथे चाचणीचा निम्मा वेळ शटडाउन सर्किटमध्ये जातो, एक सैल कनेक्टर सगळी गाडी बंद करतो. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

स्पर्धेहून गाडी परत आली की ती झाकून ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात खोला. ब्रॅकेटच्या वेल्डवर डाय पेनिट्रंट मारा: लाल फवारा, दहा मिनिटं थांबून पुसणं, मग पांढरा डेव्हलपर, आणि भेग असेल तर लाल रेघ उमटते. बेअरिंगचा बोअर पुन्हा मोजा, डिस्कची जाडी मोजा, प्रत्येक बोल्टवरची टॉर्कची खूण सरकली का बघा. हे सगळे आकडे मूळ गणिताच्या शेजारच्या रकान्यात, त्याच शीटमध्ये भरा, आणि समोर मोजणाऱ्याचं नाव आणि वापरलेलं उपकरण लिहा. पुढच्या वर्षीच्या मुलांना कॅड फाइलच्याही आधी ही शीट द्या.